डॅन्यूबच्या काठाने दोघं : वाचकांचे प्रश्न

(उल्म या जर्मन गावात राहणाऱ्या आमच्या लेखिकेने मागच्या अंकात, नवऱ्याबरोबर डॅन्यूब नदीच्या काठाने तुकड्यातुकड्याने केलेल्या प्रवासाविषयी लिहिलं होतं. ती बेकरीत काम करते, तो बस बनवणाऱ्या कारखान्यात. त्या लेखावर आलेल्या पत्रांतल्या काही प्रश्नांना तिने दिलेली ही उत्तरं.)

ताई, युरोपात राहायला मिळालं की माणूस आधी पॅरिस, रोम, स्वित्झर्लंड करतो. तुम्ही एकाच नदीच्या मागे का लागलात?

पॅरिस, रोम झालं की! आल्या आल्या सगळे करतात तेच आम्हीही केलं. शुक्रवारी रात्री निघायचं, रविवारी रात्री परतायचं आणि सोमवारी पहाटे माझी बेकरीची पाळी. फोटो ढीगभर निघाले. पण त्यातलं मला नीट आठवतं ते एवढंच, की एका संग्रहालयाच्या रांगेत पुढच्या बाईची छत्री माझ्या चष्म्याला सारखी लागत होती.

उल्मला लोक येतात ते चर्चचं शिखर बघायला. १८९० मध्ये ते पूर्ण झालं. उंची १६१.५ मीटर, वर जायला ७६८ पायऱ्या. जगातलं सर्वात उंच चर्च हा मान सव्वाशेहून अधिक वर्षं आमच्याकडे होता. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये बार्सिलोनाच्या साग्रादा फामिलियाने तो घेतला. त्या आठवड्यात बेकरीत दुसरा विषय नव्हता. "त्यांचं अजून बांधून व्हायचंय, आत्ताच मोजायचं कशाला?" असं एक आजोबा रोज ऐकवून जायचे.

मला मात्र चर्चपेक्षा खालची नदी जास्त आवडते. १८व्या शतकात इथून हजारो कुटुंबं सपाट लाकडी होड्यांत बसून हंगेरीकडे, आजच्या सर्बिया-रोमानियाकडे वसायला गेली. त्या होड्यांना इथे 'उल्मर शाख्टेल' म्हणतात, म्हणजे उल्मचं खोकं. प्रवाहाविरुद्ध परत आणणं परवडायचं नाही, म्हणून मुक्कामी पोचल्यावर होडी मोडून लाकूड विकून टाकायचे. या लोकांचं एक संग्रहालय उल्ममध्ये आहे. परदेशी येऊन राहिलेल्या आम्हाला ती विकलेली होडी जरा मनाला लागली. ते लोक उतरले कुठे, हे बघावंसं वाटलं.

नवऱ्याचं कारण वेगळं होतं. डॅन्यूबचे किलोमीटर उगमापासून मोजत नाहीत, मुखापासून मोजतात. शून्य काळ्या समुद्राच्या तोंडाशी, रोमानियातल्या सुलिनाला. पासाऊला काठावर २२२६ च्या आसपासचे आकडे दिसतात, व्हिएन्नाला १९२९, बुडापेस्टला १६४७, बेलग्रेडला ११७०. पुढे जावं तसा आकडा उतरत जातो, आणि ज्याला आकडा उतरताना बघायला आवडतो अशा माणसाशी माझं लग्न झालंय.

आम्ही दोघं पन्नाशीच्या आसपास, म्यूनिकजवळ राहतो. सायकलची रोजची सवय नाही. पासाऊ ते व्हिएन्ना जमेल का?

जमेल. पासाऊ समुद्रसपाटीपासून सुमारे ३०० मीटरवर, व्हिएन्ना १६० च्या आसपास, आणि मध्ये जवळजवळ ३२० किलोमीटर. उतार असा जाणवत नाही, पण काठ सोडला नाही तर चढही फारसा लागत नाही. वारा बहुतेक वेळा पश्चिमेकडून, म्हणजे तुमच्या पाठीवर. उलट दिशेने येणारे भेटतील तेव्हा त्यांचे चेहरे बघा. रोज पन्नासेक किलोमीटर धरा आणि हातात आठवडा ठेवा. विजेची सायकल भाड्याने मिळते. सामान पुढच्या मुक्कामी पोचवून देणारेही असतात. माझ्या नवऱ्याला ही फसवणूक वाटते, पण गुडघे माझे आहेत.

पासाऊहून लगेच निघू नका. तिथे डॅन्यूब, इन आणि इल्झ एकत्र येतात आणि तिघींचे रंग वेगळे. इल्झ काळसर, कारण ती दलदलीच्या काळ्या मातीतून येते. इन फिकट हिरवी, हिमनद्यांनी दगड दळून केलेलं पीठ घेऊन आलेली. एका टोकाच्या बागेत उभं राहिलं की बराच वेळ त्या न मिसळता शेजारून वाहताना दिसतात. नगरपालिकेच्या जुन्या इमारतीच्या भिंतीवर पुरांच्या खुणा आहेत. २०१३ चा पूर १२.८९ मीटरवर गेला होता, १५०१ नंतरचा सर्वात मोठा. ती खूण बघायला मान किती वर करावी लागते, ते तिथेच कळेल.

पुढे श्ल्योगेनला नदी डोंगराला अडखळून जवळजवळ उलटी फिरते. त्या भागात डाव्या काठाला एका टप्प्यावर रस्ताच नाही, सायकलीसकट छोट्या बोटीत बसावं लागतं. बोटवाल्यासाठी सुट्टे युरो खिशात असू द्या. लिंझला केक खायला लोक मुद्दाम थांबतात. लिंझर टोर्टेची १६५३ मधली पाककृती सापडली आहे, म्हणून त्याला फार मान. बेकरीत काम करणारी बाई म्हणून माझं मत: कोरडा असतो, कॉफीशिवाय उतरत नाही.

लिंझनंतर माउटहाउझेन येतं. गाव सुंदर, नदीकाठी रंगीत घरं, आणि वर टेकडीवर नाझींची छळछावणी. १९३८ ते १९४५ मध्ये इथे आणि हिच्या उपछावण्यांत मिळून सुमारे १,९०,००० माणसं डांबली होती, त्यातली किमान ९०,००० मेली. ग्रॅनाइटची खाण अजून आहे. कैद्यांना पाठीवर दगड घेऊन जिथून चढवायचे त्या १८६ पायऱ्याही आहेत. पूर्ण वाटेतला खराखुरा चढ हाच. अनेक सायकलवाले तो टाळून खालूनच निघून जातात. तुम्ही जा. त्या दिवशी पुढचा मुक्काम जवळचा ठेवा.

मेल्क ते क्रेम्स हा वाखाऊचा पट्टा, द्राक्षांचा आणि जर्दाळूंचा. इथे घाई केलीत तर मला पत्र लिहू नका. श्पिट्झला एक फेरीबोट आहे, तिला इंजिन नाही. वर ताणलेल्या दोराला ती बांधलेली असते आणि नदीच्या प्रवाहानेच या काठाहून त्या काठाला जाते. नावाडी फक्त सुकाणू वळवतो. नवऱ्याने ती कशी चालते हे समजून घ्यायला इतक्या फेऱ्या मारल्या, की शेवटी नावाड्याने त्याच्याकडून पैसे घ्यायचं सोडलं. ड्यूर्नश्टाइनच्या वरच्या पडक्या किल्ल्यात इंग्लंडचा राजा रिचर्ड ११९२-९३ च्या हिवाळ्यात कैदेत होता. सकाळी चढा, दुपारी दगड तापतात.

मोसमात शनिवारी वाखाऊत एका रात्रीसाठी खोली द्यायला लोक कुरकुर करतात, तेवढी आधी ठरवा. परतीच्या गाडीत सायकलसाठी तिकीट लागतं, आणि लांब पल्ल्याच्या गाडीत जागाही आधी राखून ठेवावी लागते. व्हिएन्नाच्या स्टेशनवर सायकल घेऊन रडकुंडीला आलेली जोडपी आम्ही पाहिली आहेत.

सासू-सासरे तीन महिन्यांसाठी येणार आहेत. चालणं फार झेपत नाही. त्यांना राजधान्या दाखवायच्या की तुमची नदी?

व्हिएन्ना दाखवा, आणि एक दिवस इमेंडिंगेनला न्या.

उल्महून डोनाउएशिंगेनकडे जाणारी साधी गाडी नदीच्या कडेकडेने चुनखडीच्या कड्यांमधून जाते. खिडकीतूनच झिगमारिंगेनचा किल्ला, बोयरोनचा मठ. ज्येष्ठांसाठी यापेक्षा चांगली बैठी सहल मला माहीत नाही. डोनाउएशिंगेनला राजवाड्याशेजारी एक देखणं कुंड आहे, तो उगम म्हणून दाखवतात. वरच्या फुर्टवांगेनच्या लोकांना ते मान्य नाही. त्यांच्या मते खरा उगम त्यांच्याकडे, ब्रेग नदीचा. हा तंटा जुना आहे, आपण दोन्हीकडे मान डोलवावी.

इमेंडिंगेनजवळ उन्हाळ्यात डॅन्यूब चक्क नाहीशी होते. खालच्या चुनखडीतल्या भेगांतून पाणी जमिनीत जातं आणि पात्र कोरडं पडतं. ते पाणी निघतं सुमारे बारा किलोमीटर दक्षिणेला, आख नावाच्या गावातल्या झऱ्यातून. तिथून ते बोडेनझे तलावात आणि मग ऱ्हाईनमध्ये जातं. म्हणजे काळ्या समुद्राला निघालेलं पाणी उत्तर समुद्राला पोचतं. १८७७ मध्ये शास्त्रज्ञांनी वर रंग आणि कित्येक टन मीठ ओतून हे सिद्ध केलं. अडीच दिवसांनी आखचं पाणी हिरवं आणि खारट झालं.

माझ्या सासूबाई त्या कोरड्या पात्रात उभं राहून म्हणाल्या, "मग पुढे जी वाहते ती कुणाची?" नवऱ्याने नकाशा काढून खालच्या उपनद्या दाखवायला सुरुवात केली, तोवर त्या गोटे वेचायला लागल्या होत्या. पात्र नेमकं कधी कोरडं असेल ते पावसावर ठरतं, म्हणून निघण्याआधी तिथल्या पर्यटन कार्यालयाला फोन करा. शेवटचा थोडा भाग पायीच आहे.

तिकिटाचं म्हणाल तर जर्मनीभर चालणारं 'डॉइच्लांड तिकीट' पाहुण्यांनाही घेता येतं. २०२३ मध्ये ते महिना ४९ युरोंना सुरू झालं, २०२६ पासून ६३. पण ते वर्गणीसारखं आपोआप पुढे चालू राहतं. बंद करायचं तर त्या महिन्याच्या १० तारखेच्या आत कळवावं लागतं, नाहीतर सासू-सासरे घरी पोचलेले आणि पैसे तुमच्या खात्यातून चाललेले. अतिजलद गाड्यांना ते चालत नाही. एकाच दिवसाची सहल असेल तर राज्याचं दिवसभराचं गट-तिकीट बघा, त्यात पाच जणांपर्यंत माणसं मावतात.

भारतीय पासपोर्टवर या सगळ्या देशांत जाता येतं का? दर वेळी व्हिसा काढता?

जर्मनीचा वैध रहिवास परवाना आणि पासपोर्ट जवळ असेल तर इतर शेंगेन देशांत (आपसातल्या सीमा खुल्या ठेवणाऱ्या युरोपीय देशांचा गट) १८० दिवसांत ९० दिवसांपर्यंत फिरता येतं. डॅन्यूबच्या वाटेवर ऑस्ट्रिया, स्लोव्हाकिया, हंगेरी आधीपासूनच त्यात. क्रोएशिया २०२३ च्या सुरुवातीला आला. रोमानिया आणि बल्गेरियाच्या जमिनीवरच्या सीमा १ जानेवारी २०२५ पासून खुल्या झाल्या, आणि आमच्यासारख्यांचा नकाशा एकदम मोठा झाला. सर्बिया शेंगेनमध्ये नाही, पण शेंगेन देशाचा वैध परवाना असलेल्यांना तिथे ९० दिवसांपर्यंत वेगळा व्हिसा लागत नाही. नियम बदलतात, तेव्हा निघण्याआधी दूतावासाचं पान बघाच.

आई-वडिलांना सोबत नेणार असाल तर एक गोष्ट नीट बघा. त्यांच्या व्हिसावर एकदाच प्रवेश असं लिहिलं असेल आणि तुम्ही त्यांना सर्बियात नेलंत, तर तो प्रवेश तिथेच संपतो. परत हंगेरीत घेणार नाहीत.

सीमा खुल्या म्हणजे तपासणी नाही असं मात्र नाही. जर्मनीने सप्टेंबर २०२४ पासून आपल्या सगळ्या जमिनीवरच्या सीमांवर तपासणी सुरू केली आहे. सीमेपलीकडच्या साल्झबुर्गला जेवून यायचं असलं तरी पासपोर्ट घ्या.

विम्याचं कुणी विचारलं नाही, पण सांगते. जर्मन सरकारी आरोग्य विम्याच्या कार्डाची मागची बाजू युरोपभर चालते, असं सगळे छातीठोकपणे सांगतात. ज्यांचा पासपोर्ट युरोपीय संघाबाहेरचा, त्यांना ते स्वित्झर्लंड, नॉर्वे, आइसलंड, लिख्टेनश्टाइन आणि डेन्मार्कमध्ये वापरता येत नाही. वर्षभराचा प्रवास विमा काढून टाका, सर्बियालाही तो उपयोगी पडतो.

शाकाहारी माणसाचं काय? की ब्रेड-चीज?

ब्रेडला नावं ठेवू नका, माझं पोट त्यावर चालतं.

आमच्या श्वाबेन भागात केझ-श्पेट्झले मागवा: अंड्याच्या पिठाचे छोटे तुकडे, चीज आणि वर परतलेला कांदा. मसूर-श्पेट्झले असं वाचून उड्या मारू नका, त्यावर सॉसेज ठेवलेलं असतं. माउलटाशेन म्हणजे सारण भरलेले पिठाचे चौकोन, त्यांच्या पोटात मांस. उपासाच्या दिवशी देवापासून मांस लपवायला ते केलं अशी इथली दंतकथा आहे.

ऑस्ट्रियात जुलैमध्ये मारिलेनक्न्योडेल चुकवू नका. बटाट्याच्या किंवा ताज्या चीजच्या पारीत अख्खा जर्दाळू, उकडून लोण्यात परतलेल्या पावाच्या चुऱ्यात घोळवलेला. मोदकाचा परदेशी चुलतभाऊ. आम्ही तेच रात्रीचं जेवण म्हणून खातो, वाढणारी बाई बघत राहते.

स्लोव्हाकियात हालुश्की, म्हणजे बटाट्या-पिठाचे छोटे गोळे, मागताना वरचे डुकराच्या चरबीचे तुकडे नकोत असं आधीच सांगा. हंगेरीत फ्योझेलेक शोधा, म्हणजे दाटसर शिजवलेली भाजी. तिच्यावर मांस ठेवायचं की नाही ते आपल्या हातात असतं. सर्बिया मला सर्वात सोपा गेला: भाजलेल्या लाल मिरच्यांचं आयवार, कांद्यात मुरवून भाजलेल्या राजम्यासारख्या घेवड्याच्या दाण्यांचं प्रेब्रानात्स. सर्बियात 'पोस्नो' आणि रोमानियात 'दे पोस्त' हे शब्द पाठ करा. चर्चच्या उपासाचं जेवण, त्यात मांस, दूध, अंडी नसतात. मासा मात्र असू शकतो, तेवढं विचारा.

इतका प्रवास नवऱ्याबरोबर! भांडणं होत नाहीत?

होतात. बहुतेक खाण्याच्या वेळेवरून. त्याला आणखी एक किलोमीटरचा फलक गाठायचा असतो, मला भूक लागलेली असते. आमचा नियम असा ठरला की नकाशा त्याचा आणि थांबायचं कुठे ते माझं. हा नियम ब्रातिस्लाव्हापासून आहे. त्याआधीचं लिहीत नाही, तोही हा अंक वाचतो.

ब्रातिस्लाव्हाचं निघालंच आहे तर: व्हिएन्नाहून तिथे नदीतून जलद बोट जाते, सव्वा तासात. महाग आहे आणि आत बसून काचेबाहेर झाडंच दिसतात. साध्या गाडीने तासाभरात जा, वाचलेल्या पैशात जेवा.

बुडापेस्टच्या पुढे बघण्यासारखं आहे का? सगळे तिथेच थांबतात.

बुडापेस्टच्या आधीही थांबा. एस्टरगोमला नदीवरच्या पुलाच्या एका टोकाला हंगेरी आणि दुसऱ्याला स्लोव्हाकिया. १९४४ मध्ये माघारी जाणाऱ्या जर्मन सैन्याने तो उडवला आणि २००१ मध्ये तो परत उभा राहिला. मधली पन्नासहून अधिक वर्षं दोन्ही काठांचे लोक समोरासमोर होते. आता शाळेतली मुलं दप्तर घेऊन येताना दिसतात.

पुढे माझी सर्वात आवडती जागा आहे ती सर्बिया आणि रोमानियाच्या मधली खिंड, लोखंडी दरवाजा म्हणतात ती. आम्ही बेलग्रेडहून भाड्याच्या गाडीने गेलो. गोलुबाट्सचा किल्ला पाण्यातूनच वर आलेला वाटतो. पुढे एवढी रुंद नदी काझान खिंडीत दीडशे मीटरवर येते. रोमानियाच्या काठावर कड्यात कोरलेलं, रोमनांशी लढलेल्या देचेबाल राजाचं तोंड दिसतं, चाळीस मीटरहून उंच. प्राचीन वाटतं, पण काम १९९४ ते २००४ मधलं. खरं प्राचीन आहे ते सर्बियाच्या बाजूला: रोमन सम्राट ट्राजानचा शिलालेख. धरण झालं तेव्हा तो कापून वर बसवला, आणि नीट बघायला बोटच घ्यावी लागते.

त्याच धरणाच्या पाण्याखाली आदा काले नावाचं बेट गेलं, साधारण १९७० च्या सुमारास. तुर्की वस्ती होती, मशीद होती, बाजार होता. ज्या घरात आम्ही उतरलो त्या आजींनी लहानपणी तिथे खाल्लेल्या मिठाईचं वर्णन केलं. ते मला समजलं ते हातवाऱ्यांनी, कारण आमची समान भाषा म्हणजे मोडकं जर्मन. त्यांचे आजोबा तेच बोलायचे म्हणे. उल्महून निघालेल्या त्या लोकांचे शेजारी असावेत.

मग पोचलात का शून्यावर?

अजून नाही. त्रिभुज प्रदेश बाकी आहे. त्याच्या तोंडाशी असलेल्या तुल्चा गावापर्यंत रस्त्याने जाता येतं, पण सुलिनाला रस्ताच नाही, बोटीनेच जावं लागतं. पेलिकन बघायचे तर मे-जून चांगला, पण तेव्हा डास असतात असं प्रत्येक जण सांगतो, आणि माझं रक्त डासांना आवडतं. नवऱ्याने तारखा काढून ठेवल्यात. बेकरीत रजेचा अर्ज दिलाय, अजून उत्तर नाही.

रोमानियात राहणारे कुणी मराठी वाचक असतील तर संपादकांच्या पत्त्यावर एवढंच कळवा: तुल्चाहून सुलिनाच्या बोटीत सायकली घेतात का, आणि सुलिनात मासे न खाणाऱ्याला रात्री काय मिळतं.